कागेराव डावीकडे जातात

७ सप्टेंबर, रविवार
आजपासून रोजनिशी. याआधीच्या माझ्या सगळ्या रोजनिशा एक जानेवारीला सुरू केल्यामुळे बंद पडल्या. सप्टेंबरमध्ये सुरू करणाऱ्यावर कसलंच प्रेशर नसतं, म्हणून ही टिकणार.

परिस्थिती लिहून ठेवतो. सुरभी सरकारी दवाखान्यात नर्स आहे. जूनमध्ये तिची बदली नागपूरला झाली. आयुषला आठवीत तिथेच टाकलं. मी आर्णीत थांबलो, कारण इथे माझा फोटो स्टुडिओ आहे आणि चालता धंदा कुणी सोडत नाही. निर्णय आम्ही तिघांनी मिळून घेतला. चर्चेच्या वेळी मी आंघोळीला होतो, पण बाहेर आल्यावर मला सगळं व्यवस्थित समजावून सांगण्यात आलं.

आज दर रविवारसारखा आयुषला फोन केला. जेवला का? हं. अभ्यास? हं. नवी शाळा कशी आहे? हं. मम्मीले देऊ काय? हे त्याचं एकमेव पूर्ण वाक्य.

आमच्यात बोलणं का होत नाही ते मी शोधून काढलं आहे. कॉमन विषय नाही. इथे होता तेव्हा पोरगं त्या सामुराईच्या गेमबद्दल तोंडात घास असताना बोलायचं. मी मोबाईल बघत हो हो करायचो. गेमचं नाव 'शॅडो ऑफ कागेमारू'. त्याचं मशीन इथेच टीव्हीखाली पडून आहे, कारण आठवीचा निकाल लागेपर्यंत ते नागपूरला यायचं नाही असा सुरभीचा हुकूम.

संकल्प: गेम पूर्ण करायचा. त्याची बलस्थानं आणि उणिवा मुद्देसूद काढायच्या. दर रविवारी फोनवर चर्चा. लहान मुलांचा गेम आहे, माझ्यासारख्या माणसाला आठवडा पुष्कळ.

८ सप्टेंबर
दुपारी स्टुडिओ बंद करून बसलो. वायर जोडण्यात बराच वेळ गेला. मग सुंदर सीन सुरू झाला. पूल, धुकं, तलवार घेतलेला एक देखणा माणूस. समोरून तिघे आले आणि त्यांनी त्याला सावकाश कापून काढला. मला वाटलं ही स्टोरी चालू आहे. तो मीच होतो.

१० सप्टेंबर
पूल ओलांडला. हीरोचं नाव कागेमारू. मी त्याला कागेराव म्हणतो, वयानं माझ्याएवढाच वाटतो.

बलस्थान पहिलं: तलवारीचा आवाज. ज्वारीचं धांडं कापल्यासारखा कचकन येतो, मन मोकळं होतं. दुसरं: काहीही कापता येतं. माणसं तर कापतातच, पण बांबू, कंदील, पडदे, माठ, सगळं. माठात भाताचे गोळे निघतात, ते खाल्ले की जखमा भरतात. दवाखान्याची गरज नाही, बदलीचा प्रश्न नाही.

तिसरं: शत्रूंना शिस्त आहे. दहा जण घेरतात, पण वार एकच जण करतो. बाकीचे पाळी येईपर्यंत तलवार उगारून नम्रपणे उभे राहतात. आपल्या बँकेत हे शिकवलं पाहिजे.

११ सप्टेंबर
शेजारचे बबनराव संध्याकाळी आले. रिटायर्ड माणूस, थोडी शेती, वेळच वेळ. खुर्ची ओढून बसले आणि विचारलं, कोनाले मारून राह्यला? म्हटलं, शत्रूला. त्यानं तुह्यं काय बिघडवलं? ते मलाही अजून कळलेलं नाही, कारण स्टोरी जपानी भाषेत आहे आणि खालच्या इंग्रजी ओळी वाचेपर्यंत निघून जातात. ही उणीव म्हणून नोंदवली. बबनराव बराच वेळ बसले. जाताना म्हणाले, सुरभी कवा येते? म्हटलं, येईल. ते म्हणाले, तुह्या घरात लय आवाज येते आता, बरं वाटते.

१४ सप्टेंबर, रविवार
फोन. मुद्दे समोर ठेवून तिन्ही बलस्थानं सांगितली. आयुष म्हणाला, हो का.

दोन शब्द. मागच्या रविवारच्या 'हं'च्या दुप्पट. पद्धत बरोबर आहे.

१८ सप्टेंबर
उणिवांचा आठवडा. कॅमेरा फारच वाईट. मी स्वतः कॅमेऱ्यातला माणूस आहे, मला राहवत नाही. कागेराव बांबूच्या वनात शिरले की कॅमेरा बांबूच्या मागे जातो आणि आपण बांबूचा क्लोजअप बघत मरतो. लग्नात असं शूटिंग केलं असतं तर मुलीच्या बापानं मला मांडवातून हाकललं असतं.

आणि एक. कॉम्बोंची भलीमोठी यादी दिली आहे, हे दाबा मग ते दाबा. मी एकच बटण सटासट दाबतो, तरी सगळे मरतात. म्हणजे एक तर गेम सोपा आहे किंवा माझ्यात उपजत काहीतरी आहे. दुसरं जास्त पटतं.

दोन गिऱ्हाइकं परत गेल्याचं बाजूच्या गॅरेजवाल्या तारिकनं सांगितलं. पासपोर्ट फोटोवाले होते. येतील पुन्हा.

२१ सप्टेंबर, रविवार
फोन सुरभीनं उचलला. आयुष प्रॅक्टिसला गेलाय म्हणाली. कशाची ते विचारायचं राहिलं, कारण मी मुद्दे वाचायच्या तयारीत होतो. मग तिलाच वाचून दाखवले. ती ऐकत होती. मध्येच म्हणाली, जेवन करून राह्यले ना बरोबर? म्हटलं, कॅमेऱ्याचा मुद्दा अजून संपला नाही.

२६ सप्टेंबर
नवरात्र चालू. बबनराव आणि कोकिळावहिनी केळापूरला देवीच्या दर्शनाला गेले. चल म्हणाले होते. मी चौथ्या बॉसशी, म्हणजे टप्प्याच्या शेवटी येणाऱ्या बलाढ्य शत्रूशी अडकलेला, नाही म्हणालो.

आज खेळण्यात मन लागलं नाही. घरात शांत असलं की फ्रीज सुरू होताना आणि बंद होताना ऐकू येतो. पूर्वी हा फ्रीज आवाज करत नसावा.

नागपूरला का जात नाहीस असं बबनराव विचारतात. जुलैत गेलो होतो. सुरभीच्या क्वार्टरमध्ये मला प्लास्टिकची खुर्ची दिली, चहा दिला, बिस्किटं बशीत दिली. बशीत! आयुष पलंगावर बसून पायाचा अंगठा हलवत होता. मग त्यानं विचारलं, पप्पा, तुमची गाडी कितीची आहे? मी म्हटलं, आहे आता. नव्हती. स्टँडवर जाऊन बसून राहिलो. पाहुण्यासारखं वाटलं, दुसरं काही नाही. आता विषय घेऊन जाईन. गेम संपवूनच जाईन, म्हणजे बोलायला संध्याकाळ पुरायची नाही.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी लवकर आंघोळ. स्टुडिओत शस्त्रपूजा: कॅमेरे, लाइट, ट्रायपॉड. घरी मोटारसायकल. मग विचार आला, सध्या माझं खरं शस्त्र कोणतं? कंट्रोलर. ज्याच्या बटणांनी कागेराव चालतात तो पाटावर लाल कापड घालून ठेवला. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूचं फूल, वरून पाणी शिंपडलं. कुठेही कंजुसी केली नाही. अंगठे जिथे टेकतात तिथे कुंकू चांगलं दाबून लावलं, म्हणजे त्या दोन गोल दांड्यांच्या खळग्यांत.

संध्याकाळी सोनं द्यायला बबनरावांकडे गेलो. मला सोनं द्यायला कुणी लहान घरात नव्हतं, म्हणून आपट्याची दोन पानं टीव्हीपुढे ठेवली.

३ ऑक्टोबर
गंभीर उणीव सापडली. कागेराव आपोआप डावीकडे चालू लागले आहेत. मी हात लावला नाही तरी जातात. उभे करून चहा ठेवायला गेलो, आलो तर दरीत.

४ ऑक्टोबर
दिवसभर अभ्यास केला. डावीकडे काय आहे ते नकाशात पाहिलं. पूर्वेला त्यांचं गाव आहे, पण पूर्व उजवीकडे. मग एवढ्या माणसांना मारल्यावर त्यांना वैराग्य आलं असावं. तसं असेल तर गेम बनवणाऱ्यानं फार खोलवर विचार केला आहे आणि ही उणीव नसून बलस्थान आहे. रविवारी आयुषला विचारायचं.

तारिकला कंट्रोलर दाखवला. तो म्हणाला, भाऊ, मी मोटारसायकल सुधारतो. तरी त्यानं हलवून पाहिला. आतून खुळखुळ आवाज आला. म्हणाला, चावल पडा है क्या अंदर? लोकांना गमती सुचतात.

५ ऑक्टोबर, रविवार
आजची नोंद नीट लिहितो.

आयुषला सांगितलं, कागेराव डावीकडे जातात, वैराग्य आलं आहे. तो म्हणाला, पप्पा, कंट्रोलर बिघडला असन. काही सांडलं काय त्याच्यावर? म्हटलं, काही नाही. मंग काय केलं त्याले? म्हटलं, दसऱ्याची पूजा केली, हळदकुंकू लावलं, अक्षता टाकल्या.

मग पोरगं हसायला लागलं. असं हसलं की फोन त्याच्या हातातून पडल्याचं ऐकू आलं. मम्मी, मम्मी, पप्पानं कंट्रोलरले कुंकू लावलं! सुरभी आली, तीही हसली. मागे कुणीतरी शेजारीण होती, तिलाही सांगितलं, तीही हसली. मी पण हसलो, नक्की कशाला ते नंतर बघू.

मग आयुष धापा टाकत म्हणाला, पप्पा, येत्या रविवारी आमच्या शाळेची कबड्डीची मॅच आहे. मी रेडर आहे. तुमी येता काय? मी म्हटलं, येतो. खरंच? खरंच. सकाळच्या गाडीनं येतो.

फोन ठेवल्यावर घरभर फिरलो. कपाट आवरलं. संवाद असा साधतात! सगळं श्रेय गेमला. पुढच्या रविवारी नुसतं रिकाम्या हातानं जायचं नाही. गेम संपवून जायचं, मैदानावरच त्याला सांगायचं की ओनिझाका मेला. ओनिझाका म्हणजे शेवटचा बॉस.

८ ऑक्टोबर
ओनिझाकापर्यंत पोचलो. डावीकडे जाणाऱ्या माणसाला सतत उजवीकडे ढकलत खेळावं लागतं. हे आता सवयीचं झालं.

उणीव: बॉसच्या आधी सेव्ह होत नाही. मेलं की मागच्या देवळापासून पुन्हा चालत या, वाटेतले तेच तीन प्रकारचे शिपाई पुन्हा मारा. एकाच चेहऱ्याचा टकल्या शिपाई मी इतक्यांदा मारला की आता त्याच्याबद्दल आपुलकी वाटते.

११ ऑक्टोबर
बॅग भरली. आयुषसाठी चिवडा घेतला. निळा शर्ट प्रेस केला. ओनिझाका अजून जिवंत. उद्या गाडीच्या आधी पहाटे उठून त्याचा निकाल लावतो.

१२ ऑक्टोबर, रविवार, दुपार
पहाटे उठलो. गाडीची वेळ व्हायच्या जरा आधी ओनिझाका मेला. मी टाळी वाजवली. तर तो पुन्हा उठला, मोठा झाला, अंगातून धूर. त्याला दुसरा जीव आहे! हे आधी सांगायला नको? मी पॉज करून बॅग घेतली आणि स्टँडवर गेलो. नागपूर गाडी उभी होती. पाय पायरीवर ठेवला आणि वाटलं, लाइट गेली तर? पहिला जीव घेतलेला सगळा वाया. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि आयुषला सांगायचं काय, की अर्धा मारला? कंडक्टर म्हणाला, चढून राह्यले का भाऊ उतरून राह्यले? मी म्हटलं, पुढच्या गाडीनं येतो.

परत आलो. आधी चहा केला. कप हातात घेतला आणि लाइट गेली.

अजून आली नाही. पुढची गाडी पकडून गेलो असतो तरी मॅच संपूनच पोचलो असतो. शिवाय चूक वीजवाल्यांची आहे. आयुषला मेसेज केला की मोठ्या लग्नाची ऑर्डर आली. या दिवसांत लग्नं नसतात हे त्याला कुठून माहीत असणार.

१३ ऑक्टोबर
फोन केला. विचारलं, राग आला का? नाही. मग म्हटलं, गंमत ऐक, बॉसला दुसरा जीव आहे. हं. अभ्यास आहे म्हणाला.

१५ ऑक्टोबर
सुरभीचा फोन. दिवाळीचं काहीतरी सांगत होती, सुट्टी मिळाली, तिचा भाऊ, अमरावती, तुमी पण चाला ना आमच्यासंगं. मी नेमका दुसऱ्या जीवाच्या धुराचा अंदाज घेत होतो, स्पीकरवर ठेवलं होतं. म्हटलं, बघू. ती म्हणाली, बघू म्हंजे काय समजू? मी म्हटलं, बघू म्हणजे बघू. कामात असताना नेमकं बोलणं जमत नाही. मग फोन कट झाला, बहुतेक रेंज गेली असावी.

१७ ऑक्टोबर
बबनराव आले होते. मागे बसून म्हणाले, हा मानूस मेल्यावर तू काय करशीन? म्हटलं, आयुषला सांगीन. ते म्हणाले, मंग जाऊन सांग ना बापा, कायले इतकं मारून राह्यला. जुन्या पिढीला प्लॅनिंग कळत नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार
सकाळी, अकराच्या सुमारास. ओनिझाका मेला. दोन्ही जीव. शेवटचा वार त्यानं असा काढला की मी संपलोच होतो, पण त्या क्षणी कागेराव डावीकडे सरकले आणि तलवार शेजारून गेली. मी मुद्दाम केलं असं सांगेन. मग कागेराव डोंगर उतरून आपल्या गावी गेले, एका घराचं दार सरकवलं, आत कुणी दाखवलं नाही, आणि नावं वर जाऊ लागली. जपानी नावं, पुष्कळ होती. सगळी वाचली.

मग फोन लावला. समोर अंतिम मुद्द्यांचा कागद. बलस्थानं: तलवारीचा आवाज, शत्रूंची शिस्त, शेवटची लढाई. उणिवा: कॅमेरा, तेच तेच शिपाई, स्टोरी, सेव्ह. एकंदर मत: एकदा जरूर खेळावा.

म्हटलं, आयुष, ओनिझाका मेला! तो म्हणाला, कोन? म्हटलं, अरे ओनिझाका, कागेरावांचा. तो म्हणाला, अच्छा, तो गेम. तो मी कवाच सोडला पप्पा. आर्णीले होतो तवाच सोडला, मले तो दुसरा बॉस पन नव्हता मरत. म्हटलं, मग त्या दिवशी एवढा हसलास? म्हणाला, ते तर तुमी कुंकू लावलं म्हनून.

मी कागदाकडे पाहिलं. त्यावर याच्यापुढचा मुद्दा नव्हता. तेव्हा विचारलं, मॅचचं काय झालं? विचारायला एक आठवडा लागला, हे मला तोंडातून शब्द बाहेर पडल्यावर कळलं.

तो म्हणाला, हारलो. म्हटलं, कसे? म्हणाला, शेवटची रेड माह्यी होती. एक पॉइंट पाहिजे होता. मी गेलो, अन् बाहेर पाह्यलं, तुमी आले काय म्हनून. गेटजवळ निळ्या शर्टवाला एक मानूस होता, मले तुमीच वाटले. तितक्यात पाय धरला त्यायनं माह्या. सर लय ओरडले, रेडमंधी बाहेर कायले पाहतं म्हने.

हे सगळं तो सहज सांगत होता. फोनवर पहिल्यांदाच इतकं बोलला. कोणाशी होती मॅच, पाय किती दुखला, नंतर कुणी जवळ होतं का, काहीच विचारलं नाही. म्हटलं, मी उद्या सकाळच्या गाडीनं येतो. उद्या तर आमी मामाकडे अमरावतीले चाल्लो, दिवाळीले, म्हणाला. मम्मीनं सांगतलं होतं ना तुमाले? म्हटलं, हो, सांगितलं होतं. मग मी पण अमरावतीलाच येतो. तो म्हणाला, मामाच्या गाडीत जागा नाई, अन् मम्मीनं तुमी नाई येत म्हनून सांगतलं तिकडं. थांबा, मम्मीले विचारून फोन करतो.

संध्याकाळ झाली. बॅग भरलेलीच आहे, चिवडा तेवढा नवीन घेतला. बबनरावांकडे पणत्या लागल्या. सुरभीची ड्युटी असेल, ती घरी आल्यावर विचारेल तो. मध्ये अंगणात जाऊन रेंज पाहून आलो. रेंज पूर्ण आहे.